नवरीच्या वाटेवरचं कापड

हाडांच्या डॉक्टरांकडे गुडघा दाखवायला आलेल्या शिंप्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, पण कान मागच्या बाकावर होते. तिथे हाताला प्लास्टर घातलेली एक बाई आपल्या शेजारणीपुढे तणतणत होती.

"नवरीने चालत यायचं म्हणून पांढरं कापड अंथरलं होतं, दारापासून थेट स्टेजपर्यंत. आणि खाली फरशी म्हणजे नुसता आरसा."

"मग चिकटपट्टी लावायची ना कडेने."

"तेच म्हटलं मी. तर सजावटवाला म्हणतो, फरशीवर डाग राहतात. बरं, मधोमध ही मोठी चुणी पडलेली. पोरीचा पाय अडकला असता, म्हणून सरळ करायला गेले. ते कापड गेलं सरकत, आणि मी आडवी."

"अगं बाई. कुणी धावलं नाही?"

"धावले की, सगळे धावले. आधी कापड ताणून नीट केलं, मग मला विचारलं लागलं का."

"काय माणसं तरी."

"वर तो सजावटवाला मलाच विचारतो, नवरीच्या आधी पाय ठेवलातच कसा. म्हटलं, आई आहे मी तिची."

"बरं सुनावलंत काकू. आणि लेक कुठे होती?"

"दारातच उभी होती. गाणं सुरू झालं होतं."

"मग आली असेल ना धावत?"

शिंप्याचं पान उलटायचं राहिलं.

"तिथूनच म्हणाली, आई, जरा बाजूला हो ना, फोटोत येतेयस."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"झाले बाजूला."