सीनेवरची आगबोट

भाद्रपद शुद्ध सप्तमी, शके अठराशे त्रेसष्ट. ऊन कडक, आभाळात ढगाचा ठिपका नाही, वारा पश्चिमेचा, नदी दोन्ही थड्यांना लागलेली. हे सगळं मी सकाळी वहीत लिहिलं, त्याखाली लिहिलं की आज बोट बुडणार, आणि तुम्हाला सांगतो, एवढं स्वच्छ अक्षरात लिहून मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि त्याच बोटीत जाऊन बसलो... आता तुम्ही म्हणाल, महांतप्पा, तुमचं डोकं फिरलं होतं का? फिरलं नव्हतं हो. फिरलं असतं तर बरं झालं असतं, जीव तरी असा टांगणीला लागला नसता.

आमचं गाव परंड्याच्या खाली, सीनेच्या काठाला. अलीकडं निजामाची हद्द, पलीकडं इंग्रजाची, आणि मध्ये पावसाळ्याचे चार महिने पाणी. ओलांडायचं तर काहिलीत बसून. गुऱ्हाळावर रस आटवायची ती मोठी कढई, तीच. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, मग तिच्यात माणसं बसतात. ती गरगर फिरत पलीकडं लागते आणि उतरलेला माणूस घटकाभर बाभळीला मिठी मारून उभा राहतो. आता असल्या गावाशी सोयरीक करायला कोण हो म्हणणार, तुम्हीच सांगा. माझी शिवगंगा एकोणीस वर्षांची झाली. आमची चांगली घरं सगळी पलीकडं, कुर्डुवाडीच्या अंगाला. तीन स्थळं आली, तिन्ही काहिलीतून आली, आणि तिन्ही बाभळीला धरूनच म्हणाली, "मुलगी चांगली आहे, पण नदी..."

चौथे आले ईरण्णा, आपल्या मुलासाठी. माणूस सरळ. म्हणाले, "अप्पा, माझं काही मागणं नाही. पण उद्या पोरीचं बाळंतपण आषाढात आलं तर तिची आई येणार कशी? सून दारात बसून नदीकडं बघत रडते, हे मला बघवणार नाही. तुमच्या गावात बोट होतेय म्हणतात. ती चालली की साखर वाटू." म्हणजे बघा, माझ्या पोरीचं नशीब कुणाच्या हातात गेलं? बलभीम सुताराच्या.

बलभीम वाईट नाही हो. बैलगाडी करावी ती त्यानंच. पण बोट त्यानं बघितली होती ती काड्याच्या पेटीवर. आमच्या दगडोबा पाटलांना हौस आली, गावाला आगबोट पाहिजे, आणि त्यांनी ती पेटी बलभीमच्या हातात दिली, म्हणाले, "हुबेहूब अशी." आणि त्यानं हुबेहूब केली! चित्रात धुराडं होतं, तर यानं धुराडं बसवलं. दीड पुरुष उंच, लोखंडी पत्र्याचं. मी म्हणलं, "बलभीम, इंजन नाही, आग नाही, वल्ह्यानं चालायची ही, धुराडं कशाला?" तर म्हणतो, "चित्रात हाय." वर, बोटीला ओवाळायला येणाऱ्या सरकारी साहेबांना बसायला माडी केली. माडीवर माणसं चढली की बोट डोईजड होणार, हे मी दोरीनं मापून दाखवलं. "चित्रात हाय." आणि कठडा? कठडा एकाच बाजूला! मी म्हणलं, "अरे, डाव्या बाजूला कुणी पडलं तर?" त्यानं पेटी माझ्या डोळ्यासमोर धरली. "दाखवा डावी बाजू. हाय का ह्यात?" 

पण हे सगळं मी सोडून दिलं असतं. माझा जीव खात होत्या त्या फटी. बाभळीचं लाकूड, चैत्रात चिरलेलं, वैशाखात जोडलेलं, आणि तेव्हापासून पाटलांच्या पत्र्याच्या मांडवात वाळत पडलेलं. त्यात यंदा आमच्याकडं श्रावण कोरडा गेला, नदी भरली ती वर नगराकडच्या पावसानं. मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून जायचो आणि ज्वारीच्या कडब्याचं एक ताट फटीत घालून बघायचो. ज्येष्ठात ताटाचं टोक जात नव्हतं. श्रावणात अख्खं ताट आत जाऊन पलीकडच्या कोंबडीला लागलं. मी म्हणलं, आधी तिला पाणी पाजा. तीन दिवस नदीत बुडवून ठेवा, लाकूड फुगंल, फटी मिटतील. यात काय विद्या आहे? उन्हाळ्यात गाडीचं चाक सैल झालं की आपण ओढ्यात भिजत घालतो का नाही? वाळलेली मोट भिजवल्याशिवाय विहिरीत सोडतो का? शेंबडं पोरही सांगंल.

पाटील म्हणाले, "महांतप्पा, चाकाला ओवाळायला धाराशिवहून साहेब येत न्हाईत."

झालं. नव्या वस्तूला पहिलं पाणी मानाच्या माणसाचं, ही आपली रीत. नवी गाडी ओवाळल्याशिवाय जुंपत नाही, नव्या विहिरीचं पाणी देवाला दाखवल्याशिवाय पीत नाही, मग आगबोट? तिला पहिलं पाणी साहेबांच्या हातचं. तोवर थेंब लागता कामा नये. मी म्हणलं, पाटील, रीत मलाही कळते, साहेबांना दुसरं पाणी द्या, पण आधी तिला पाणी पाजा. तर पाटील कसे बघतात माझ्याकडं, जसं काय मी कुणाच्या तरी नवरीला लग्नाआधी नांदायला पाठवा म्हणतोय. बरं, साहेब आषाढात येणार होते. आले नाहीत. श्रावणात येणार होते. तेव्हाही नाहीत. आणि बोट आपली वाळतेय... एके दिवशी मला राहवलं नाही, घागर घेऊन गेलो आणि बुडाशी ओतली, तर बलभीम धावत आला, "अप्पा, रंग जाईल, रंग!" पुढच्या टोकावर त्यानं चुन्या-गेरूचा पोपट काढला होता. त्या पोपटाची चोच तेवढी ओघळली. एवढंच काय ते पाणी त्या बोटीनं माझ्या हातचं प्यालं.

घरी यावं तर मल्लम्मा. "तुम्ही त्या बोटीला नावं ठेवू नका. व्याह्यांच्या कानावर गेलं तर हेही स्थळ जाईल." आणि खरं होतं हो ते. ईरण्णांना सांगावं तर सोयरीक मोडते. न सांगावं तर व्याहीच बुडतात. मी पंचांना सांगितलं, पाटलांना सात वेळा सांगितलं, बलभीमला तर किती वेळा त्याची गणती नाही, आणि ज्या एका माणसाला सांगायला पाहिजे होतं त्याला मात्र सांगितलं नाही.

ईरण्णा आदल्या दिवशी काहिलीतून आले, घटकाभर बाभळीला धरून राहिले, मग म्हणाले, "उद्या मात्र बोटीनं जायचं. बोटीतून उतरलो की पलीकडच्या काठावरच साखर." मल्लम्मानं साखरेची पुरचुंडी तयार करून माझ्या हातात दिली.

सप्तमीला साहेब आले. सनई वाजली. साहेबांनी चांदीच्या तांब्यानं बोटीवर पाणी घातलं, एवढंसं, तेही पोपटावर, आणि पंधरा-वीस गड्यांनी बोट पाण्यात ढकलली. पाटील हात जोडून म्हणाले, "साहेब, वर माडीवर..." साहेबांनी बोट बघितली, माडी बघितली, धुराडं बघितलं, आणि म्हणाले, "बहोत खूब. आप लोग चलिए, हम किनारे से देखेंगे." बघा. शिकलेला माणूस.

बाकी आम्ही एकवीस जण चढलो. ईरण्णा बसले कठड्याच्या बाजूला, मी त्यांच्याशेजारी. पण कठड्याच्या बाजूला सगळेच बसले हो! दुसऱ्या बाजूला धरायला होतं काय? बोट तशीच कलती, एका खांद्यावर पोतं घेतल्यासारखी निघाली. दहा हात गेलो, मला अंगठ्याला गार लागलं. वीस हात गेलो, घोटा. ईरण्णा खाली बघत म्हणाले, "अप्पा, हे पाणी कुठून?"

मी काही बोलायच्या आत बलभीम म्हणाला, "काही न्हाय व्हो, तहानलीया. पिऊ द्या थोडं. मग आपोआप थांबंल."

तीन महिने मी दुसरं काय सांगत होतो?

ती प्याली. ती अशी प्याली की पाटील माडीवरून ओरडायला लागले, "महांतप्पा, काहीतरी करा," आणि मी काय करणार, माझ्या हातात साखरेची पुरचुंडी. बोट कठड्याच्या बाजूला कलंडली, पाटील घसरले ते धुराड्याला बिलगले, आणि पस्तीस हातांवर आमची आगबोट अगदी शांतपणे खाली बसली. पाणी छातीएवढं होतं. माझ्या हातात नुसतं फडकं राहिलं, साखर सीनेला गेली. काहिलीवाले हसत हसत आले आणि एकेकाला उचलून गरगर फिरवत काठावर टाकायला लागले. सगळ्यात शेवटी पाटील. धुराडं सोडीनात.

काठावर ईरण्णा पागोटं पिळत बसले होते. मी जाऊन समोर उभा राहिलो. वाटलं, आता बाभळीला धरून म्हणतील, मुलगी चांगली आहे, पण... त्यांनी विचारलं, "अप्पा, हे तुम्हाला माहीत होतं?"

खोटं कसं बोलू? म्हणलं, "व्हय. ज्येष्ठापासून. रोजचं लिहून ठेवलंय."

"आणि मला बोलला नाहीत."

"नाही बोललो. सोयरीक मोडंल म्हणून. चुकलं माझं."

"मग स्वतः कशाला बसलात?"

"तुम्हाला एकट्याला कसं बसू देऊ?"

ईरण्णा बराच वेळ पागोटं पिळत राहिले. त्यातून आता पाणी निघत नव्हतं, तरी पिळत होते. मग म्हणाले, "बोट काही मला पसंत नाही. पण बुडणाऱ्या बोटीत शेजारी येऊन बसणारा व्याही मला दुसरीकडं मिळायचा नाही. जंगमस्वामींकडून लग्नाची तिथी काढून घ्या. पण एक अट. नदीला पाणी असताना नको."

बोट तीन दिवस पाण्याखाली होती. चौथ्या दिवशी गड्यांनी वर काढली आणि पुन्हा पाण्यात सोडून बघितली, तर एक थेंब आत येत नव्हता. बलभीम गावभर सांगत सुटला, "म्या म्हनलं हुतं का न्हाय, पिऊ द्या थोडं." पाटलांनी त्याला शेला दिला.

शिवगंगेचं लग्न वैशाख वद्य पंचमीला लागलं. वऱ्हाड एकशे चौदा माणसांचं आलं. नदी कोरडी होती, सगळे पायी आले.