माईंची तालीम आणि नानांचे खांब

नाना : ...म्हणून पुन्हा सांगतो, क्रम चुकवू नकोस. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय.

माई : अहो, हेच मला डॉक्टरांनी सांगितलं, व्यायाम करून घेणाऱ्या त्या मुलीने सांगितलं आणि लिफ्टमधून उतरताना तुम्हीही सांगितलंत. आता निदान फाटकापर्यंत तरी शांतपणे चालू द्या.

नाना : फाटकापर्यंत धोका नाहीच. धोका फाटकाबाहेर सुरू होतो.

माई : आणि तुमची सोबत फाटकाशी संपते. सकाळी चहा पिताना कबूल केलंय तुम्ही.

नाना : तत्त्वतः कबूल केलं. तपशील ठरायचे होते.

माई : तपशील काही नाहीत. तालमीच्या हॉलपर्यंत मी एकटी जाणार. बाईंनी स्पष्ट सांगितलंय, 'आज स्वतःच्या पायांनी आलीस तर न्यायाधीश तू. कुणाचा हात धरून आलीस तर भूमिका वकीलवहिनींना.'

नाना : मला तुमच्या दिग्दर्शिकाबाईंचं हे तर्कशास्त्र समजत नाही. भूमिका न्यायाधीशाची. न्यायाधीश नाटकभर खुर्चीत असतो. पायांचा संबंध कुठे आला?

माई : तिसऱ्या अंकात आला. निकाल वाचून झाल्यावर न्यायाधीश खुर्चीतून उठते आणि आरोपीपर्यंत चालत जाते. सगळं नाटक त्या चालण्यात आहे.

नाना : आरोपीने चालत यावं की. वयाने लहान असतो.

माई : हे बघा, म्हणूनच तुम्हाला तालमीला यायची बंदी आहे. मागच्या वेळी आलात आणि न्यायासनाची उंची शास्त्रशुद्ध नाही म्हणून त्या सुताराला फैलावर घेतलंत. तो पुन्हा फिरकला नाही. आम्ही अजून टेबलावर खुर्ची ठेवून न्याय देतोय.

नाना : टेबलावर खुर्ची? आणि त्या खुर्चीवर तू? या खुब्यानिशी?

माई : मी काही बोललेच नाही. चला. उघडा फाटक.

नाना : उघडतो. पण बाहेर पडण्यापूर्वी जरा डावीकडे बघ. असं नाही, नीट बघ. कालच बसवलेत.

माई : बघितले हो. काल सकाळी खिडकीतून बघितले, दुपारी तुम्ही बघायला लावलेत, संध्याकाळी जावयाला फोनवर दाखवलेत. खांब आहेत. छान आहेत. उभे आहेत.

नाना : नुसते उभे नाहीत. पदपथ अडवून उभे आहेत. लोखंड नगरपालिकेच्या कार्यालयाचं असेल, आखणी माझी आहे. चपला झिजवल्या तिथे खेटे घालून. त्या कनिष्ठ अभियंत्याला मी काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, स्कूटर अडवणं सोपं आहे, सायकल अडवून दाखवा. दोन खांबांमधून सायकलचं हँडलसुद्धा जाता कामा नये. माणूस मात्र जायला हवा. म्हणून अंतर खांद्यांवरून काढलं.

माई : कुणाच्या?

नाना : माझ्या. एक हिवाळी कोट धरून.

माई : बरं. आता माझे खांदे जाऊ द्या.

नाना : जा, निर्धास्त जा. याच जागी पाडलं होतं तुला त्या स्कूटरने. पाठीमागून. आता पाठीमागून चिटपाखरूही यायचं नाही.

माई : पाडलं नव्हतं हो. हॉर्न ऐकून दचकले आणि तोल गेला. स्कूटर मला लागलीच नाही.

नाना : ते मला ठाऊक आहे. पण 'दचकली' एवढ्या कारणाने कार्यालय खांब देत नाही. — थांब. थोडी उजवीकडे घे. आता सरळ.

माई : सरळच आहे.

नाना : मग पुढे हो.

माई : होत नाही.

(वॉकरचे पाय दोन्ही बाजूंनी खांबांना टेकले आहेत. नाना आधी खांबाकडे बघतात, मग वॉकरकडे, मग पुन्हा खांबाकडे. चूक खांबाची नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात येतं. त्यामुळे त्यांना जास्तच वाईट वाटतं.)

माई : अहो, बोला काहीतरी. तुम्ही गप्प राहिलात की मला भीती वाटते.

नाना : वॉकर रुंद आहे.

माई : दवाखान्यातून आणला तेव्हापासून एवढाच आहे. जेवणाच्या टेबलाशेजारी उभा असतो. रात्री तुम्ही त्याला ठेचकाळता. याचं माप घेतलं नाहीत?

नाना : नाही घेतलं.

माई : वरच्या मजल्यावरच्या बाळाच्या गाडीचं घेतलंत. दूधवाल्याच्या क्रेटचं घेतलंत. त्या कुत्रेवाल्या गृहस्थांच्या कुत्र्याचं घेतलंत, चावायला आला तरी.

नाना : ती सगळी कायमची मंडळी आहेत. वॉकर तात्पुरता. खांब पुढची तीस वर्षं राहणार. दोन महिन्यांत जाणाऱ्या वस्तूच्या मापाने तीस वर्षांचं काम कसं आखायचं?

माई : दोन महिन्यांत जाणार असं कोण म्हणालं?

नाना : मी धरून चाललो.

माई : डॉक्टर तर म्हणाले, बघू.

नाना : डॉक्टर म्हणाले 'बघू'. 'बघू' हे माप नव्हे. आराखड्यात 'बघू' घालता येत नाही. म्हणून मी... तू बरी आहेस असं धरलं.

माई : हं.

नाना : तू हसतेस काय?

माई : कुठे हसते? बरी आहे असं धरलंत, ते बरं वाटलं. फक्त मी इकडे आहे आणि तालीम तिकडे. आता काय करायचं?

नाना : सोपं आहे. वॉकरची घडी घालतो, मी पलीकडे जातो, तू खांब धरून दोन पावलं टाक, तिकडे पुन्हा उघडून देतो.

माई : आणि परत येताना? उद्या? परवा? रोज फाटकाशी उभे राहणार घडी घालायला? त्यापेक्षा मला पाठुंगळी मारून न्या. बाईंना म्हणावं, न्यायाधीश आले.

नाना : मग भिंतीच्या कडेने जाता येईल. तिथे शेवटचा खांब बसलेला नाही. खाली गटार आहे, वर नुसती फरशी. गवंडी म्हणाला, खोदलं तर फरशी जाईल. ती एक फट राहिली आहे. रुंद आहे. माझ्या आखणीतला तो एकच दोष.

माई : तुमच्या दोषातूनच जाते बाई मी. सरका.

नाना : सावकाश. फरशी डगमगते का बघ. आधी वॉकर...

माई : मग दुखरा पाय. आले बघा. मावते की! ऐसपैस मावते. हे एकच काम झकास झालंय तुमचं.

स्कूटरवाला : मावशी, मागे स्कूटर आहे, जरा बाजूला घेता का? पटकन निघतो.

नाना : कुठे निघता? हा पदपथ आहे.

स्कूटरवाला : हो आजोबा, माहितीये.

नाना : माहीत असून?

स्कूटरवाला : माहीत आहे म्हणून तर भिंतीकडून आलो. नाहीतर त्या खांबांत घुसलो असतो. काल सकाळी आमची सगळी पोरं तिथेच अडकली. मग एकाला ही जागा सापडली. आमच्या ग्रुपवर त्याने फोटो टाकलाय, बाण काढून. 'इथून निघा.'

नाना : बाण काढून?

स्कूटरवाला : लाल बाण. फार भारी काम केलंय हो ज्याने कुणी केलंय. आधी काय व्हायचं, सगळ्या फुटपाथभर वाट काढत जायचं, माणसं मधेमधे यायची. आता माणसं तिकडे खांबांत, आम्ही इकडे भिंतीला. आमची लेनच झाली.

माई : ऐकलंत? लेन झाली.

नाना : मी ऐकतो आहे.

माई : भारी काम केलंय म्हणतो.

नाना : तेही ऐकलं. हे बघा, तुम्ही सभ्य दिसता. रस्ता तिथे आहे. रस्त्याने जा.

स्कूटरवाला : रस्ता एकेरी आहे, आजोबा. उलटा गेलो तर ट्रकखाली जाईन. सरळ गेलो तर पुलापर्यंत वळसा. वळसा घातला की पार्सलला उशीर, उशीर झाला की गिऱ्हाईक ॲपवर एकच तारा देतं, तीन वेळा एक तारा मिळाला की घरी बसा.

नाना : आणि तुमचा तारा वाचावा म्हणून लोकांचे खुबे मोडावेत?

स्कूटरवाला : मी कुणाला धडक दिलेली नाही. देवाशपथ. मी हॉर्न देतो.

माई : हॉर्न नको रे बाबा.

स्कूटरवाला : नाही देत. पण मागच्यांना कोण सांगणार? बघा, दोघं आलेत. तिसराही आला. मावशी, सरकताय ना?

नाना : नाही! माई, हलू नकोस. आहेस तिथेच उभी राहा.

माई : काय झालं? फरशी फुटली?

नाना : फरशी शाबूत आहे. अगं, बघ तरी. तू त्या फटीत उभी आहेस तोवर एकही वाहन पुढे जाऊ शकत नाही. तीन स्कूटर आणि एक सायकल अडून राहिली. वॉकर बरोबर बसलाय. आखणी पूर्ण झाली!

माई : म्हणजे आता मी तुमचा शेवटचा खांब.

नाना : त्या अर्थाने नव्हे...

माई : कुठल्या अर्थाने? ऊन उतरेपर्यंत उभी राहू? रंग कधी देताय? का डबा इथेच आणून देणार?

स्कूटरवाला : आजोबा, भांडण घरी करा ना. पार्सलमधलं गार होतंय.

माई : भांडण नाही रे. आमच्याकडे याला नियोजन म्हणतात.

स्कूटरवाला : मावशी, एक करू. तुम्ही पुढे चला, मी तुमच्या मागोमाग पायांनी रेटत हळूहळू येतो. हॉर्न नाही, काही नाही. माझ्यामुळे मागचेही हळू येतील. कोपऱ्यापर्यंत सोडतो तुम्हाला.

नाना : हे, तात्पुरता उपाय म्हणून, वाईट नाही. माई?

माई : नको.

नाना : का? तो अदबीने सांगतोय.

माई : अदबीने सांगतोय, कबूल. चांगला आहे बिचारा. पण मागे इंजिन सुरू असलं की माझा पाय उचलत नाही. मगाचपासून इथे उभी आहे ना, ती काही तुमच्या आखणीसाठी नाही. पुढे जाता येत नाही म्हणून उभी आहे.

नाना : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

माई : काय सांगायचं?

नाना : हेच. पाय उचलत नाही, हे.

माई : तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला घराबाहेर पडू दिलं असतं का? या पायाखाली उशी ठेवून, खिडकीत बसवून, खांब दाखवत राहिला असता. दोन महिने खोलीतल्या खोलीत पाठ करतेय मी ते चालणं. खुर्ची ते कपाट. कपाट म्हणजे आरोपी. कपाटापर्यंत पोचते हो मी. पण कपाटामागून कुणी हॉर्न देत नाही. वकीलवहिनींना वाक्यं पाठ नाहीत, आवाज नाही, पण त्या दणदण चालत जातात. आज मी गेले नाही तर नाटक त्यांचं. आणि मग मला वाटतं, मी पुन्हा या फाटकाबाहेर येणार नाही. तुम्ही कितीही खांब लावा.

स्कूटरवाला : आजोबा, इंजिन बंद करू का मी?

नाना : तुम्ही कराल. मागचे तिघे करतील का?

स्कूटरवाला : मागच्यांचं सांगता येत नाही. तो शेवटचा तर गाणी ऐकतोय कानात.

नाना : ठीक आहे. माई, वॉकर पुढे काढ. पूर्ण फटीच्या बाहेर काढ. आता थांब. मला आत येऊ दे.

माई : अहो, काय करताय? फरशी डगमगते तिथे.

नाना : डगमगू दे. मी पाय फाकून उभा राहतो. वॉकरएवढा रुंद होतो की नाही बघ.

माई : थोडे कमी पडता.

नाना : हात पसरतो. आता?

माई : आता झालात. अहो, लोक बघतायत!

नाना : बघू देत. तू मागे वळू नकोस. तुझ्या मागे काही येणार नाही. मी फाटकापुढे एक पाऊलही आलो नाही, हे मात्र बाईंना सांग. करार पाळला आहे.

माई : फाटक त्या तिकडे राहिलं.

नाना : तपशील ठरायचे होते म्हटलं ना. जा. आधी वॉकर...

माई : गप्प बसा.

स्कूटरवाला : आजोबा, असं किती वेळ?

नाना : ती कोपऱ्यावर वळेपर्यंत.

स्कूटरवाला : फार हळू चालतात हो.

नाना : चालण्याच्या जागेवर चालते आहे. तिथे वेगाची अट नसते.

स्कूटरवाला : माझा एक तारा नक्की झाला.

नाना : गिऱ्हाइकाला सांगा, वाटेत खांब होता.

स्कूटरवाला : ए, मागे हॉर्न देऊ नको रे! म्हातारी मावशी चाललीय पुढे! दिसत नाही का? — सॉरी आजोबा. म्हातारी नको होतं म्हणायला.

नाना : तिने ऐकलं नसेल तर हरकत नाही.

स्कूटरवाला : नाटकात काम आहे वाटतं त्यांना? कुठलं?

नाना : न्यायाधीशाचं.

स्कूटरवाला : मेलो. म्हणजे शिक्षा मलाच.

नाना : तुमच्या आधी माझा नंबर आहे.

स्कूटरवाला : थांबल्या बघा. दिव्याच्या खांबाशी.

नाना : दम खातेय. इंजिन खरंच बंद करा बरं.

स्कूटरवाला : केलं. मागच्यांनीही केलं, सायकलवाला तर उतरून उभा राहिला... निघाल्या. निघाल्या बघा. चांगल्या चालतात की!

नाना : दुखरा पाय आधी टाकतेय. बरोबर आहे.

स्कूटरवाला : वळल्या आजोबा. कोपऱ्यावर वळल्या. आता सरा.

नाना : जरा थांबा. हॉलच्या पायऱ्या चढू द्या तिला.

स्कूटरवाला : इथून पायऱ्या दिसतात?

नाना : नाही.