पायमशीनचा पट्टा

ऐका गं, आणि तो दिवा जरा मधे सरकवा. एरवी मी फारशी बोलत नाही, पण हे माझ्या स्वतःच्या अंगावर बेतलेलं आहे.

अंगाची हळद अजून उतरली नव्हती. आमच्या प्रमिलावन्संचा साखरपुडा दुसऱ्या दिवसावर आलेला आणि त्यांचं पोलकं माझ्याकडं. का? तर ‘आमची पोर शिवणक्लास झालेली आहे’ असं वडिलांनी लग्नात सगळ्या मांडवाला सांगून ठेवलेलं. आणि नेमका त्याच संध्याकाळी सासूबाईंच्या जुन्या पायमशीनचा पट्टा तुटला.

“मग काय, पाव्हण्यांपुढं जुन्या पोलक्यावरच बसू?” वन्सं म्हणाल्या.

हे परगावी. निघाले मीच, शेजारच्या वाडीतल्या शिंप्याकडं. पट्टा मिळाला, पण अंधारून आलं. म्हटलं, ओढ्याकडून जवळ पडेल.

तिथं ती भेटली. मागून आली.

“मशीनचा पट्टा का गं?”

“हो.”

“घालता येतो तुला?”

“बघते.”

“मी येऊ?”

पाय उलटे होते का, ते विचारू नका. सरळ होते. पायांकडंच बघत होते मी. नव्या सुनेला दुसरं दिसतं काय? सासरच्या गावात बाईमाणसाला नाव विचारायचं नाही, ‘या’ म्हणायचं, असं आईनं बजावलेलं. म्हणाले, “या की.”

तेवढंच चुकलं बघा!

घरी सासूबाई आणि वन्सं जेवून आत आडव्या झालेल्या. ती थेट मशीनवर बसली. मी पट्टा चढवला. दात्यांखालचा चिंध्यांचा भुगा उकरला. तेलाचे थेंब सोडले, टाका बघायला एक चिंधी सुईखाली सरकवली. ती ओठांत दोरा धरूनच बोलायची.

“टाका खाली सैल पडतोय. वरचा दोरा आवळ.”

आवळला.

“अजून.”

आवळला. आणि टाका असा बसला म्हणता, मोत्यांची ओळ! मी खूश. हात लावून बघायला वाकले, तोच माझा पदर सुईखाली गेला.

“अहो, पदर!”

“असू दे.”

टक टक टक टक! ओढला, सुटेना. दाबपट्टी उचलली, ती आपोआप खाली बसली. दोरा तोडला, तर तिच्या ओठांतला दोरा सरसर येऊन सुईत शिरला! पट्टा उपसून फेकला. चाक फिरतच राहिलं! अंगावरचं कापड अंगावर शिवू नये म्हणतात ना, ते का, ते तेव्हा कळलं. हाक मारायला गेले तर तोंडातून आवाज नाही. टाके खांद्याकडं सरकले. मान ओढली गेली, गाल लोखंडाला टेकला. तिची बोटं डोळ्यांसमोर आली. एकेका नखातून दोरा आरपार. रक्त नाही.

आई गं, संपले, म्हटलं.

हात चाकावर पडला. बॉबिन भरताना चाकाच्या मधली चकती सैल करतो ना आपण, म्हणजे चाक फिरतं पण सुई थांबते? ती! पण गंजून जाम. पिळली. हलेना. पुन्हा पिळली, नख उलटलं, पुन्हा पिळली. फिरली!

सुई थांबली. गळ्याशी.

चाक भिरभिरतंय, तिचे पाय चालूच, टाका मात्र पडेना. ती काय झालं बघायला खाली वाकली आणि मी निऱ्या सोडल्या. साडी तिथंच टाकून परकरावर पळाले, थेट सासूबाईंच्या अंगावर!

“अगं, लाज आहे का काही!” त्या ओरडल्या. मग माझा चेहरा दिसला. “कुठनं आलीस?”

“ओढ्याकडनं.”

त्यांनी कडी लावली आणि दाराला पाठ देऊन बसल्या. बाहेर मशीन पुन्हा सुरू झाली. टक टक टक.

“आई, माझं पोलकं...” वन्सं म्हणाल्या.

“मेलं ते पोलकं!”

उजाडेपर्यंत आम्ही तिघी एकमेकींना धरून बसलो.

सकाळी बघितलं. पोलकं होतं तसंच, अर्धवट. साडी मात्र शिवून, घडी घालून ठेवलेली. उलगडली तर काय, तिन्ही बाजूंनी शिवलेली खोळ. एका बाजूनं उघडी. बरोबर माझ्या उंचीची.

परसात जाळली आम्ही ती. वन्सं जुन्या पोलक्यावर बसल्या, आणि पाव्हण्यांना कळलंसुद्धा नाही. पण बायांनो, माझं माप तिच्याकडं राहिलं. तुमचं जायला नको. ओढ्याकडून जवळ पडतं, ठाऊक आहे मला. पडू दे. उशीर होऊ दे, काम राहू दे, घरच्यांची बोलणी बसू देत. ती वाट धरू नका.