आजीची जपानी शिकवणी

थोरल्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी शिंपीणकाकू दवाखान्यात नंबर लावून बसल्या होत्या. शेजारी एक आजोबा आपल्या बायकोला जपानी शिकवत होते. जपानातच वाढलेला त्यांचा नातू रविवारी पहिल्यांदा येणार होता.

"अहो, तीन तीन लिपी कशाला? एकीनं भागत नाही?"

"तुला विळी, सुरी, कात्री लागतेच ना?"

"बरं. 'मी' म्हणजे बोकू."

"बोकू पोरं म्हणतात. तू वाताशी म्हण."

"आणि त्याला 'तू' कसं म्हणू?"

"म्हणायचंच नाही. नावानं हाक मारायची."

"नाव येतंय की मला! मग डोकं कशाला पिकवताय? तुम्ही बोला, मी नुसती हसेन."

"माझ्या भरवशावर राहू नकोस. म्हण, वाताशी."

"वाताशी."

पुढल्या खेपेला नर्सनं काकूंना सांगितलं. आजोबा त्याच आठवड्यात, शनिवारी पहाटे गेले.