काकांच्या पिकपच्या पट्ट्या

तुम्ही हसाल, पण विलायतेहून परत आल्यावर मी देशसेवा सुरू केली ती काकांच्या जुन्या पिकपपासून. बाळकुमच्या मिठागरावरून ते तिच्यातून ठाण्याला मीठ नेत. हौद्याच्या फळ्यांवरच्या लोखंडी पट्ट्या गंजून मीठ तांबडं व्हायचं. व्यापाऱ्याने बजावलेलं, पुन्हा असं मीठ आलं तर माल घेणं बंद.

मी जहाजाच्या भंगारात चुंबक फिरवून न चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या निवडल्या आणि बसवल्या. म्हटलं, “देश नवा झाला, काका! आता गंजायचं नाही!”

आठवड्याभरात पट्ट्यांवर तांबडे ठिपके! काका कडाडले, “इलायतेला शिकून आलास, नि आमचंच लोखंड चकचकीत करून आणलंस रे!”

माझं तोंड एवढंसं झालं. मग विचारलं, “काका, पट्ट्या घासता कशाने?”

“तारेच्या ब्रशने. चांगल्या खसाखसा!”

“लोखंडी तारेच्या?”

“मग काय सोन्याच्या?”

मी उडालोच. गंज पट्ट्यांचा नव्हता! ब्रशच्या तारांचे कण पट्ट्यांवर राहून गंजले होते. तो ब्रश फेकून दिला, काकूकडून चिंच घेतली, काथ्याने घासलं, भरपूर पाण्याने धुतलं, पुसलं. ठिपके गेले ते गेलेच.

पुढच्या खेपेचं मीठ व्यापाऱ्याने तळहातावर घेतलं. म्हणाला, “आता सगळं मीठ तुमच्याकडूनच घेणार!”

परवा मी सहज हौद्यात चढायला गेलो, तर काका ओरडले, “ए शहाण्या, आधी चपला काढ!”