फुकटचे पैसे

हडर्सफील्डच्या दवाखान्यात विनिफ्रेडच्या पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नवऱ्याचा पाय एकसारखा हलत होता. विनिफ्रेडने मासिक तोंडासमोर धरलं आणि कान तिकडे लावले.

"हिलरी, फोन काढ. जॉइंट खातं दुसऱ्या बँकेत हलवायला तुझीही परवानगी लागते. नव्या खातेदारांना बक्षीस द्यायची त्यांची ऑफर आज संपतेय."

"राहू दे, डेस्मंड."

"राहू दे काय? फुकटचे पैसे आहेत! चार बँका बदलल्या आपण, कधी तोटा झाला?"

"मी बदललं खातं. माझं, लग्नाआधीचं."

"मला न विचारता? अगं वेडे, त्यातून दोन बिलं कापली गेल्याशिवाय बक्षीस देत नाहीत. घरची सगळी बिलं तर जॉइंटमधून जातात."

"वीज आणि पाणी लावलं."

"आपलं?"

"नाही. स्टेशनमागच्या फ्लॅटचं. गेल्या महिन्यात चावी मिळाली मला."

हलणारा पाय थांबला. विनिफ्रेडला पान उलटायचा धीर होईना.

"हिलरी..."

"काय?"

"बँकेने किती दिले?"

"दोनशे पौंड. त्यात पडदे आले."