जनावहिनीची करवत आणि किंजळीची पाखाडी

ऐका. आधी ते दार ओढून घ्या. हां. आणि कोणाला बाहेर जायचं असेल तर आत्ताच जाऊन या. मागाहून "काका, सोबत चला" म्हणाल, तर मी उठायचा नाही!

तर माझी थोरली वहिनी, जना. तुम्ही तिला पाहिलीत ती म्हातारपणी. मी सांगतो ते ती भर तारुण्यात असतानाचं. भाऊ माझा बोटीवर खलाशी, सदा दर्यावर. घरी आई, वहिनी आणि वहिनीची तान्ही पोर, शेवंती. घराच्या वरच्या अंगाला आंब्याची कलमं. त्या वर्षी कलमांवर बांडगूळ असं माजलं, असं माजलं, की आंब्याचं पान शोधावं लागे! ते फांदीसकट उतरवावं लागतं. कोयता घातला तर साल फाटते, फांदी चिरत जाते. मग वहिनी म्हणाली, "बाजारातून करवत आणते."

पोरीला पाजलं, सासूच्या म्हणजे माझ्या आईच्या मांडीवर दिलं. "दिवे लागायच्या आत आले बघा, आत्ये."

बाजारात लोखंडी सामानाचं दुकान हुसेनभाईंचं. भला माणूस. त्यांनी एक करवत काढली, सरळ, रुंद पात्याची. "ही ने जनाबाय. सगळे सुतार हीच नेतात."

वहिनीने दातांवरून बोट फिरवलं. "दात बारीक आहेत हो. सुताराचं लाकूड सुकं. माझं ओलं. चीक भरला की ही नुसती घासत बसेल."

मग कमानीची काढली. "ही घे, मोठ्या दातांची."

"आणि कलमांच्या दाट फांद्यांत ही कमान शिरवू कुठून?"

हुसेनभाई हसले. माळ्यावर चढले. खाली आणली ती वाकडी करवत, कोयतीसारखी बाकदार, दात मोठे, मूठ लाकडाची. वहिनीने मूठ धरली. दुकानाबाहेर तोडलेली फांदी पडली होती, तिच्यावर चालवून पाहिली. ढकलताना नाही, ओढताना कापायची! खसाखस, खसाखस. भुसा ओला, भराभर खाली. "ही," वहिनी म्हणाली. "हीच."

पण या निवडानिवडीत एस.टी. गेली!

बैलगाडी मिळाली ती तिठ्यापर्यंत. तिथं उतरली तेव्हा काळोख पडला होता. तिठ्यावरून गावाला वाटा दोन. एक गाडीरस्ता, नदीला वळसा घालून. दुसरी किंजळीची पाखाडी. सरळ, डोंगरातून जाणारी दगडी पायवाट, दोन्ही अंगांना गडगे, दगड रचलेल्या गुडघाभर भिंती, वर किंजळीची झाडं. दिवसासुद्धा तिथं ऊन पडत नाही. रात्री तर... ऐकताय ना?

गाडीवाला म्हणाला, "बाय, लांबून जा. पाखाडीत तो असतो."

"असू दे. मला काय करतोय! पोर उपाशी आहे माझी." निघाली. एका हातात करवत, दुसऱ्या हातात गाडीवाल्याने दिलेला कंदील.

चालतेय, चालतेय. गडग्याला एक ढासळलेली जागा लागली, तिथं वारूळ. पुढं गेली. चालतेय, चालतेय. परत ढासळलेला गडगा. परत तेच वारूळ! वहिनी थांबली. किंजळीच्या सालीवर करवतीने खूण केली. पुन्हा चालली. पुन्हा वारूळ. आणि झाडावर खूण. ओली, आत्ताच केलेली!

दुसरी कोणी असती तर किंचाळली असती. वहिनी मोठ्यांदा म्हणाली, "बरं. चकवा आहेस होय. खेळ मग, बघू किती खेळतोस."

आणि कंदील विझला.

फू नाही, वारा नाही. विझला!

तेवढ्यात पुढं उजेड दिसला. जवळ गेली तर काय? दुकान! पाखाडीत, गडग्याला लागून दुकान. फांदीला दिवा टांगलेला. आणि फांद्यांवर ओळीने करवती. लांब, आखूड, वाकड्या, सरळ. चांदीसारख्या लखलखीत. खाली एक म्हातारा बसलेला, डोक्यावर घोंगडं.

"ये गो जनाबाय. ती काळी, जड करवत कशाला नेतेस? टाक खाली. यातली आवडेल ती ने. हलकी फूल आहे बघ."

कळलं का तुम्हाला? हातात लोखंड होतं म्हणून तो तिला हात लावू शकत नव्हता. तिने आपणहून टाकायला हवी होती. म्हणून ही सगळी लालूच!

वहिनी काही टाकेना. पण करवत पुढं आली की पारखायची, ती तिची सवय. जरा वाकली. दात पाहिले.

दात! माणसाचे दात हो! दाढा, सुळे, पुढचे, सगळे ओळीने बसवलेले. काही किडके. एक एवढासा, दुधाचा.

वहिनीच्या पाठीतून थंड पाणी वाहिलं. हे तिने मला स्वतः सांगितलं. पण तोंडाने म्हणाली काय? "ओल्या लाकडाला चालायच्या नाहीत या. राहू दे."

दिवा गेला, दुकान गेलं, म्हातारा गेला. काळोख. आणि काळोखातून पोर रडायला लागली.

शेवंती! खाली दरीकडून. टाहो फोडून. वहिनीचा पान्हा फुटला, चोळी भिजली. पाय आपोआप गडग्याकडे वळले. एक पाय वर टाकला. पलीकडे सरळ कडा! अन् तेवढ्यात तिच्या मनात आलं, माझ्या पोरीचा घसा तर सर्दीने बसलाय. सकाळपासून नुसती घोगरी कुरकुरतेय. मग ही खणखणीत कोण रडतेय?

पाय मागे घेतला. डोळ्यांतून पाणी, पण पाय मागे घेतला. "माझी पोर घरी आहे!" ओरडली, आणि पळत सुटली.

मग मात्र तो चिडला. वर कडाड्‌कन वाजलं, आणि मांडीएवढी फांदी खाली आली! दोन्ही टोकं गडग्यांवर टेकली, मधला भाग लवून खाली आला तो वहिनीला पाठीवर पाडून. फांदी छातीवर. हलता येईना. आणि फांदीवर कोणीतरी येऊन बसलं. दिसत नव्हतं, वजन कळत होतं. हळूहळू दाबत होतं. श्वास कोंडायला लागला.

वहिनीने हात वर नेऊन करवत फांदीच्या वरून लावली. दोनदा ओढली, पातं अडकलं! तो दाबतोय ना, खाच वरून मिटतेय. वरून खसखसा हसण्याचा आवाज.

तिने जीव खाऊन पातं सोडवलं. आणि खालून लावलं! खालून, आपल्या छातीशेजारून, आपल्याकडे ओढत. आता तो जितका दाबेल तितकी खाच उघडणार! खसाखस, खसाखस. भुसा डोळ्यांत, तोंडात. तो दाबतोय, ती ओढतेय. "दाब! अजून दाब!" वहिनी ओरडली. त्याने दाबलं.

काड्‌! फांदी मोडली. टोक उसळलं आणि तो जो कोण होता तो धाडकन गडग्यापलीकडे, दरीत. किंकाळी उतरत गेली, उतरत गेली, खाली पोचल्याचा आवाज काही आला नाही.

वहिनी उठली ती थेट घरी. अंगणात आली तेव्हा आई पोरीला खांद्यावर टाकून फेऱ्या घालत होती. वहिनीने लुगडं झटकलं, पोरीला पदराखाली घेतलं आणि भिंतीला टेकून बसली. पोर पिऊन झोपली तरी तिला खाली ठेवीना.

तुम्हाला वाटेल, पुढं ती बाई तिकडे फिरकली नसेल. छे! उजाडल्यावर चार बायका घेऊन गेली. पाखाडीच्या दोन्ही तोंडांशी करवंदीच्या जाळ्या तोडल्या, आडव्या टाकल्या, वर दगड ठेवले. वाट बंद! दरवर्षी पावसाआधी जायची, कुजलेलं काढून नवं कुंपण घालायची. ती गेल्यापासून शेवंती घालते.

म्हणून सांगतो, तिठ्यावरून रात्री येताना ते काटे दिसतील. पलीकडे वाट मोकळी, सरळ, जवळची दिसेल. कोणी हाकही मारेल, अगदी ओळखीच्या आवाजात. काट्यांना हात लावायचा नाही. लांबून यायचं. उशीर झाला तरी घरचे जागे असतात.